आपल्या जुन्या नोटा: सर्वांत देखणी कोणती, आणि त्यांवरची चित्रं कशी आली?

रंगपेटी
नमस्कार मंडळी,

मी शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या मुलांसाठी जुन्या नोटांचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. सासऱ्यांनी जपलेल्या काही नोटा आहेत, गल्लीतल्या दोन-तीन घरांनीही विश्वासाने दिल्यात.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद घालायला बरं. १९५० ते १९९५ या काळातल्या आपल्या नोटा म्हणजे या देशात सर्वाधिक हातांतून गेलेलं चित्रकाम. पण चित्र म्हणून त्यांच्याकडे कुणी निवांत पाहिलंच नाही. दोनच्या नोटेवर वाघ, पाचावर हरणं, दहावर शिडाचं गलबत, शंभरावर हत्ती. पुढे हत्ती जाऊन हिराकूड धरण आलं, हरणं जाऊन ट्रॅक्टर आला. प्रत्येक नोटेचा रंग वेगळा, विषय वेगळा. १९९६ नंतर सगळ्यांचा दर्शनी चेहरा एकच झाला आणि माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट हरवली.

तुम्हाला कोणती जुनी नोट सर्वांत देखणी वाटते? ही चित्रं त्या त्या वेळी का आली? मुलांना नुसतं 'किती छान' म्हणायला लावायचं नाहीये, मागचं कारणही सांगायचंय.

मुठेकाठचा
पाचचा ट्रॅक्टर! मागे उगवता सूर्य, पुढे नांगरट. लहानपणी खाऊला पाच रुपये मिळाले की आधी ट्रॅक्टरवाला माणूस बघायचा, मग दुकान.

सुपारीचं_खांड
दहाचा मोर. विषय संपला. :)

फोर्टातला_संग्राहक
ताई, विषय काढलात हे फार चांगलं केलंत. गेली बरीच वर्षं नोटा गोळा करतोय, जमेल तेवढं लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

१९५० च्या आधीपासून सुरुवात करा, नाहीतर वाघ-हत्ती कुठून उगवले ते मुलांना कळणार नाही. १८६१ च्या कायद्याने नोटा काढायचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. त्याआधी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या इलाखा बँका आपापल्या नोटा काढत. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर आपला टाऊन हॉल होता, एलफिन्स्टन आणि माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरांचे पुतळेही होते. टाऊन हॉल म्हणजे आज एशियाटिक सोसायटी आहे तीच पायऱ्यांची इमारत. म्हणजे इथल्या नोटेवर इथलीच वास्तू छापायची पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे.

सरकारी नोटांची पहिली मालिका व्हिक्टोरिया राणीच्या चित्राची. तिच्या बनावट नोटा निघू लागल्या म्हणून १८६७ मध्ये ती बदलली आणि एकाच बाजूला छापलेल्या नोटा आल्या. त्यांवर चित्र जवळजवळ नाहीच. पांढरा हातकागद, वळणदार अक्षरं, पार्श्वभूमीला फिकट रंगाची जाळी आणि स्थानिक भाषांतले मजकूर. देश तेव्हा चलनाच्या 'सर्कल'मध्ये वाटलेला होता: मुंबई, कलकत्ता, मद्रास, कानपूर, लाहोर, कराची, रंगून वगैरे. नोट ज्या सर्कलची, त्या सर्कलच्या भाषा तिच्यावर. आणि कायद्याने ती चालायचीही तिथेच. मुंबईची नोट कलकत्त्यात घ्यायलाच हवी असं कुणावर बंधन नव्हतं. हे हळूहळू सुटत गेलं. पाचची नोट १९०३ मध्ये मोकळी झाली, दहा आणि पन्नासची १९१० मध्ये, शंभराची १९११ मध्ये.

या एका बाजूच्या नोटा माझ्या सर्वांत आवडत्या. चित्र नसताना केवळ अक्षरं आणि मोकळी जागा यांवर नोट उभी आहे. सुलेखन शिकवत असाल तर ही नोट चुकवू नका.

ढापणवाला
'चालायचीही तिथेच' हे वाचून अवाक झालो. मग व्यापारी परगावी पैसे पाठवायचे कसे?

फोर्टातला_संग्राहक
@ढापणवाला, हुंड्या, म्हणजे परगावी पैसे देण्याच्या व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या, होत्याच. पण नोटा पाठवायची एक भारी युक्ती होती. नोट मधोमध कापायची. अर्धे तुकडे एका टपालाने पाठवायचे, ते पोचल्याचं कळलं की उरलेले अर्धे दुसऱ्या टपालाने. वाटेत टपाल लुटलं गेलं तरी चोराच्या हाती नुसतेच अर्धे तुकडे. म्हणून त्या काळच्या पुष्कळ नोटा मधून कापून पुन्हा चिकटवलेल्या सापडतात. बाजारात 'फाटकी आहे' म्हणून कुणी त्यांना नाकं मुरडली तर लक्ष देऊ नका, तो कापच त्या नोटेचा इतिहास आहे.

सुपारीचं_खांड
लग्नाच्या आहेरासाठी ही पद्धत पुन्हा सुरू करावी. अर्धी नोट मांडवात, उरलेली अर्धी जेवण आवडलं तर.

नोटप्रेसचा_नातू
नाशिकरोडचा आहे, त्यामुळे राहवत नाही. आमच्याकडे 'प्रेस' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. आजोबा प्रेसमध्ये, नंतर वडीलही तिथेच.

रंगपेटीताई, तुमच्या प्रदर्शनात नाशिकला एक अख्खा कोपरा हवा. १९२८ पर्यंत आपल्या नोटा इंग्लंडमध्ये छापून जहाजाने यायच्या. त्या वर्षी नाशिकला करन्सी नोट प्रेस सुरू झाली आणि तिथे पहिल्यांदा पाचची नोट छापली गेली. १९३२ पर्यंत सगळ्याच किमतीच्या नोटा नाशिकमध्ये छापल्या जाऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर काही काळ पाकिस्तानच्या नोटाही आमच्याकडेच छापल्या जात. आपलीच नोट, तिच्यावर इंग्रजीत आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असा जादा ठसा. १९४८ च्या जूनअखेरपर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं चलन सांभाळत होती.

चित्रकलेच्या अंगाने एक सांगतो. आजोबा म्हणायचे, नोटेवर सावली नसते, फक्त रेघ असते. वाघाचे पट्टे असोत की राजाचा गाल, सगळं रेघा आणि ठिपक्यांतून उभं केलेलं. धातूच्या प्लेटवर रेघ खोदायची, तिच्यात शाई भरायची आणि प्रचंड दाबाखाली ती कागदावर उचलायची. म्हणून कोऱ्या नोटेवरून बोट फिरवलं की उठाव लागतो. रेघ दाट झाली की काळोख, विरळ झाली की उजेड. मुलांच्या हातात भिंग द्या आणि वाघाच्या चेहऱ्याचा अंगठ्याएवढा भाग मोठा करून काढायला सांगा. पेन्सिल घासून छटा द्यायची नाही, फक्त रेघा.

रंगपेटी
@नोटप्रेसचा_नातू, हा उपक्रम नक्की घेणार! छटा बोटाने पुसून मऊ करायची सवय मोडता मोडत नाही, त्यावर याहून चांगला धडा मला सुचला नसता.

@फोर्टातला_संग्राहक सर, लांबू द्या. राजा गेला आणि सिंह आले, तिथून पुढे लिहा ना.

फोर्टातला_संग्राहक
लिहितो. पण मधला टप्पा गाळवत नाही.

पहिल्या महायुद्धात चांदी मिळेनाशी झाली. रुपयाचं नाणं चांदीचं, मग सुट्ट्याचं करायचं काय? ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट निघाली, पाठोपाठ १९१८ मध्ये अडीच रुपयांची. अडीचची फार टिकली नाही. एकची १९२६ मध्ये थांबली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, परत आली. दोनची नोटही युद्धातलीच, १९४३ ची. आपल्या छोट्या नोटा एका अर्थी युद्धांनी जन्माला घातल्या आहेत.

रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली, तिची पहिली नोट जानेवारी १९३८ ची, पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जच्या चित्राची. त्याच वर्षी दहा हजारांपर्यंतच्या नोटा निघाल्या. युद्धात जपान्यांनी आपल्या नोटांच्या नकला छापायचा उद्योग केला. त्यावर उपाय म्हणून जलचिन्हातला (वॉटरमार्कमधला) राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा केला आणि नोटेत सुरक्षा धागा आला, भारतात पहिल्यांदाच.

आता सिंह. स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी गांधीजींचं चित्र घ्यावं असा विचार होता आणि तशी संकल्पचित्रंही तयार झाली होती. शेवटी एकमत सारनाथच्या सिंहशीर्षावर झालं. १९४९ मध्ये एक रुपयाची नवी नोट आली. १९५० मध्ये प्रजासत्ताकाच्या दोन, पाच, दहा आणि शंभराच्या नोटा आल्या. ठेवण बरीचशी जुनीच, राजाच्या जागी सिंह. माझ्या मते हा निर्णय फार शहाणपणाचा होता. नोट ओळखीची राहिली आणि सत्ता बदलल्याचं एका चिन्हाने सांगितलं.

नाते_खिंडीतून
मी रायगडच्या पायथ्याकडचा. आमच्याकडचा अभिमानाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, जन्म महाडजवळच्या नाते गावचा. १९४३ ते १९४९ या काळात ते गव्हर्नर होते, म्हणजे त्यांच्या सहीच्या नोटांवर चित्र सहाव्या जॉर्जचं. १९५० च्या सिंहाच्या नोटांवर सही आहे ती पुढच्या गव्हर्नरांची, बेनेगल रामा राव यांची. देशमुखांच्या नोटेवर एका बाजूला ब्रिटिश राजा, खाली कोकणातल्या माणसाची सही. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर हाच माणूस पुढे केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडला, हेही मुलांना सांगा. ही नोट मिळवाच.

फोर्टातला_संग्राहक
@नाते_खिंडीतून, अगदी योग्य आठवण. सह्यांवरून आणखी दोन मराठी नावं. के. जी. आंबेगावकर १९५७ मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. गव्हर्नर म्हणून त्यांच्या सहीची नोटच नाही. पण त्याआधी अर्थसचिव असताना एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही आहे, कारण ती नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थसचिव सही करतात. दुसरे बी. एन. आडारकर, १९७० मध्ये तेही दीडेक महिनाच. त्यांच्या सहीच्या नोटा मात्र निघाल्या, म्हणून संग्राहक त्यांच्या मागे असतात.

ढापणवाला
म्हणजे एक रुपयाच्या नोटेवर 'मैं धारक को...' हे वचन नसतं ते यामुळेच?

फोर्टातला_संग्राहक
हो. कायद्याच्या नजरेत ती नाण्याच्या पंक्तीत बसते. म्हणून तिच्यावर बहुतेक वेळा नाण्याचंच चित्र दिसतं. आणि मनमोहन सिंग यांची सही दोन्हीकडे सापडते. एक रुपयावर अर्थसचिव म्हणून आणि मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. दोन्ही नोटा शेजारी लावल्या तर मुलांना हा फरक लगेच कळेल.

हाली_आणि_कलदार
आमच्या मराठवाड्याचं काय? १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. तिथलं चलन वेगळं, उस्मानिया सिक्का. लोक त्याला 'हाली' म्हणायचे आणि इंग्रजी अमलातल्या रुपयाला 'कलदार'. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. आमच्या आज्जी विलीनीकरणानंतरही बाजारात भाव ऐकला की विचारायच्या, "हाली का कलदार?"

हैदराबादच्या नोटा १९१८ च्या कायद्यानंतर निघाल्या, सुरुवातीला दहाच्या आणि शंभराच्या. छापायचे लंडनचे वॉटर्लो अँड सन्स, पुढे नाशिक. नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये किंमत लिहिलेली. माझ्याकडे घरातली एक जीर्ण नोट आहे, तिच्यावरची देवनागरी अक्षरं इतकी डौलदार आहेत की मला तीच सर्वांत देखणी वाटते. आणि रंगपेटीताईंना नम्रपणे सांगतो, 'आपल्या देशाच्या नोटा' म्हणताना संस्थानांना बाहेर ठेवू नका. औरंगाबाद-नांदेडच्या माणसाच्या हातात १९४० साली हीच नोट होती.

मांडवीपार
हालीभाऊंना अनुमोदन, आणि गोव्यालाही बाहेर ठेवू नका. आमच्याकडे बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या नोटा चालायच्या. १९५८ पर्यंत रुपिया आणि टांगा, सोळा टांगांचा एक रुपिया. मग १९५९ पासून एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपिया या दराने. म्हणून त्या नोटांच्या किमती चमत्कारिक दिसतात: तीस, साठ, तीनशे, सहाशे. सहाने भागा, म्हणजे लगेच पाच, दहा, पन्नास, शंभर समोर येतात. लोकांचा हिशेब मोडू नये म्हणून केलेली सोय.

त्या १९५९ च्या नोटांवर चित्र आफोन्सो द आल्बुकेर्कचं, म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्याचं. मुक्ती दारात उभी असताना साडेचारशे वर्षांपूर्वीचा विजेता नोटेवर! १९ डिसेंबर १९६१ नंतर त्या नोटा बदलून घेतल्या गेल्या. छपाई अतिशय सुरेख, पण मला ती नोट देखणी म्हणवत नाही. माझ्यासाठी देखणी नोट ती, जिच्या भाषापट्टीत कोकणी पहिल्यांदा दिसली. १९९२ मध्ये कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, त्यानंतर नोटेवर आली. आज त्या पट्टीत पंधरा भाषा आहेत.

निवृत्त_रोखपाल
सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय. पण मूळ लेखातल्या '१९९६ नंतर मोठी गोष्ट हरवली' याच्याशी मी सहमत नाही.

उभी हयात बँकेच्या काउंटरवर गेली. नोट भिंतीवर लावायला नसते, मोजायला आणि पारखायला असते. रंगीत फोटोकॉपी आणि स्कॅनर आल्यावर जुनी नोट तगलीच नसती. १९९६ च्या मालिकेत खिडकीसारखा आतबाहेर दिसणारा धागा आला, तिरपं धरल्यावर दिसणारा छुपा आकडा आला, नवं जलचिन्ह आलं. माणसाचा चेहरा घेण्यामागेही कारण असतं. चेहऱ्यात बारीकसा फरक पडला तरी आपल्या डोळ्याला लगेच खटकतं, धरणाच्या भिंतीत खटकत नाही. आणि दृष्टिहीनांसाठी उठावाच्या खुणा आल्या: वीसला उभा आयत, पन्नासला चौकोन, शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ. आधीच्या नोटांत ही सोय नव्हती.

शिवाय मागच्या बाजूला चित्रं आहेतच की. आत्ताच्या वीसच्या नोटेवर आपलं वेरूळ आहे, घरातली नोट उलटून बघा.

आवाजवाचक
मला दिसत नाही, स्क्रीन रीडर लावून हा धागा ऐकतोय. रोखपालकाकांनी आमचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

उठावाच्या खुणा चांगल्याच, पण नोट वापरून वापरून मऊ झाली की खूण बोटाला लागत नाही. आम्ही मुख्यतः मापावर ओळखतो. जुन्या मोठ्या नोटांत मापाचा फरक ठळक असायचा. शंभराची नोट हातात आली की शंका नसायची. आत्ताच्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे यांची लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. रुंदी तिन्हींची सारखीच, ६६. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत, घाईत, बसच्या दारात उभं राहून ओळखून दाखवा. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मणी' नावाचं ॲप काढलं, फोनचा कॅमेरा धरला की ते किंमत बोलतं. उपयोगी आहे. पण रिक्षावाला खोळंबलेला असताना फोन काढायला वेळ नसतो.

रंगपेटीताई, प्रदर्शनात एक कोपरा डोळे मिटून नोट ओळखायचा ठेवाल का? देखणेपणात हातही धरा.

रंगपेटी
@आवाजवाचक, ठेवते. शब्द दिला. वेगवेगळ्या काळातल्या नोटांच्या मापाचे जाड कागदाचे तुकडे कापून ठेवते, त्यांवर काहीच छापायचं नाही.

@निवृत्त_रोखपाल काका, चेहऱ्याचा मुद्दा पटला. तरीही दर्शनी बाजूला एखादी जागा बदलत्या विषयासाठी राहायला हवी होती, हे मी सोडणार नाही.

निवृत्त_रोखपाल
सोडू नका. एवढ्याशा मतभेदावाचून धागा कसला!

चरख्याची_कन्या
वर्ध्याहून. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या नोटा अजून कुणी काढल्या नाहीत? महात्माजी पहिल्यांदा नोटेवर आले ते १९९६ मध्ये नव्हे, १९६९ मध्ये. बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्रामचा आश्रम. आमच्या बापूकुटीचा परिसर दोन, पाच, दहा आणि शंभर अशा चार नोटांवर होता. पुढे ऑक्टोबर १९८७ मध्ये पाचशेच्या नोटेवर पुन्हा गांधीजी आले, तेव्हाही जलचिन्ह सिंहांचंच होतं. त्या आणि आत्ताच्या नोटांवर त्यांचा हसरा चेहरा आहे, उत्तमच आहे. पण १९६९ मध्ये त्यांच्या मागे माती-कुडाचं घर होतं. ज्या माणसाने कमीत कमी वस्तूंत राहून दाखवलं, त्याला त्याच्या घरासकट शंभराच्या नोटेवर दाखवणं मला फार मोलाचं वाटतं. माझी सर्वांत देखणी नोट हीच.

फोर्टातला_संग्राहक
@चरख्याची_कन्या, छान. आडारकरांच्या सहीच्या नोटांत या शताब्दी नोटाही आहेत, त्या एकत्र मांडता येतील.

आता विषय का बदलले, या ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पन्नासच्या दशकात प्राणी आणि गलबत. साठच्या दशकात धरण, कारण देश तेव्हा धरणं बांधत होता. १९६७ मध्ये नोटांचं माप लहान झालं, कारण काळ ओढगस्तीचा होता. ऐंशीच्या आसपास विज्ञान आणि उत्पादन. दोनच्या नोटेवर आर्यभट्ट, १९७५ मध्ये सोडलेला आपला पहिला उपग्रह. पाचवर ट्रॅक्टर. एकावर 'सागर सम्राट', म्हणजे मुंबईपासून दूर समुद्रात ज्याने १९७४ मध्ये बॉम्बे हायचं तेल शोधलं ते वेधन जहाज. त्याच सुमारास वीसवर कोणार्कचं चक्र आणि दहावर मोर. एक, दोन, पाच म्हणजे रोज बाजारात खेळणाऱ्या नोटा, त्यांवर देशाने नुकतंच काय कमावलं ते. आठवडी बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या कनवटीला उपग्रह होता, ही माझ्या मते आपल्या नोटांच्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

मोठ्या नोटांचा हिशेब निराळा. १९५४ मध्ये एक हजारावर तंजावरचं बृहदीश्वर मंदिर, पाच हजारांवर गेटवे ऑफ इंडिया, दहा हजारांवर सिंहशीर्ष. सामान्य माणसाने त्या पाहिल्याही नसतील. जानेवारी १९७८ मध्ये तिन्ही बंद झाल्या. त्याआधी १९४६ मध्येही मोठ्या नोटा अशाच रद्द केल्या होत्या.

वाळवंटातला_कोल्हापूरकर
मस्कतहून. इथल्या जुन्या माणसांना आपला रुपया अजून आठवतो. कुवेत, बहरीन, कतार, ओमान, आजची अमिराती, सगळीकडे भारतीय रुपया चालायचा. त्या वाटेने सोन्याची तस्करी होऊन आपलं परकीय चलन गळू लागलं, म्हणून १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. अनुक्रमांकाआधी इंग्रजी झेड. त्या भारतात चालत नसत. हज यात्रेकरूंसाठीही त्याच वर्षी वेगळ्या नोटा निघाल्या. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर पावणेपाचवरून साडेसात रुपयांवर गेला आणि उरलेल्या बहुतेक आखाती देशांनीही रुपया सोडला. इथल्या एका वृद्ध दुकानदाराकडे झेडवाली दहाची नोट पाहिली, लालसर. मागितली, पण देईनात. बरोबरच आहे त्यांचं.

भावड्या_सातारा
मला परवा मेसेज आला, ट्रॅक्टरवाली पाचची नोट आणि ७८६ नंबर असेल तर पाच लाख मिळतात. माझ्याकडे दोन आहेत! कुणाला विचारू?

निवृत्त_रोखपाल
भावड्या, कुणालाही काही पाठवू नकोस. ही सरळ फसवणूक आहे. आधी 'नोंदणी फी', मग 'जीएसटी', मग 'कमिशन' असं उकळत जातात, वर रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. आपण असल्या व्यवहारात नसतो आणि कसलंही कमिशन मागत नाही, असं बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. ओटीपी मागितला तर फोन ठेव.

फोर्टातला_संग्राहक
+१. ट्रॅक्टरच्या नोटा अमाप छापल्या गेल्या. कोरी करकरीत असेल, सही दुर्मीळ असेल तर थोडे जास्त मिळतील, लाख नाही. दोन्ही जपून ठेव, नातवंडांना दाखव.

रंगपेटीताई, मांडणीबद्दल तीन गोष्टी. नोटा लॅमिनेट करू नका, सेलोटेप अजिबात लावू नका आणि स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणारं रसायन शाई खातं. पॉलिएस्टरची पाकिटं मिळतात, ती घ्या. ट्यूबलाइट आणि उन्हापासून लांब. दुसरं, मोठी चित्रं छापायची असतील तर नोटेच्या मापाची, दोन्ही बाजू छापलेली प्रत करू नका. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे. खूप मोठी करून एकच बाजू छापा. तिसरं, २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा कुणी आणून दिल्या तर मोजून घ्या. २०१७ च्या कायद्याने त्या एका व्यक्तीकडे दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत.

नोटप्रेसचा_नातू
सहल काढणार असाल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आहे, कापलेल्या नोटांची गोष्ट तिथे मुलांना नीट कळेल.

हाली_आणि_कलदार
ताई, माझ्या नोटेचा एका बाजूचा मोठा फोटो पाठवतो. मराठी अक्षरं स्पष्ट येतील असा काढतो.

रंगपेटी
सगळ्यांचे मनापासून आभार. मांडणी अशी ठरवलीय: सुरुवातीला एका बाजूची नोट, मग हाली आणि एस्कुदो शेजारी-शेजारी, मग देशमुखांच्या सहीचा राजा आणि लगेच सिंह. त्यानंतर १९६९ चा आश्रम. शेवटच्या टेबलावर एक, दोन, पाच रुपये: तेल, उपग्रह, ट्रॅक्टर.

एक शंका राहिली. शेजारच्या काकूंनी पन्नासच्या दोन नोटा दिल्यात. दोन्हींवर संसद भवन, पण एकीवर झेंड्याच्या काठीवर झेंडाच नाही. छपाईतला दोष म्हणायचा का?

फोर्टातला_संग्राहक
दोष नाही. ही पन्नासची नोट १९७५ मध्ये आली तेव्हा काठी मोकळीच होती, झेंडा नंतरच्या छपाईत घातला. काकूंना सांगा, बिनझेंड्याची खर्चू नका.

रंगपेटी
वा! मग दोन्ही शेजारी लावते आणि खाली काहीच लिहीत नाही. फरक मुलंच शोधतील.